हाकेचा रकाना

१

दुधाच्या डेअरीत डेटाबेस सांभाळणारा माणूस नेमकं करतो काय, असं मला लग्नाकार्यात हमखास विचारतात. दुधात पाणी किती घालायचं ते कॉम्प्युटरवर बघतो, असं मी सांगतो आणि जिलेबीकडे वळतो. खरं सांगायचं तर मी लोकांच्या लहरी सांभाळतो.

डेअरी दत्ताची, कडावात, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तो माझ्या शाळेतला, कडावचाच. त्याचे वडील सायकलला कॅन अडकवून दारोदार दूध घालायचे आणि प्रत्येक दारात त्या घरातल्या माणसाला नावाने हाक मारायचे. आता दत्ताच्या गाड्या कर्जत, खोपोली, खालापूर करत थेट मोहोपाड्याच्या कॉलन्यांपर्यंत जातात, आणि दूध गाईचं की म्हशीचं, किती, केव्हा, हे सगळं गिऱ्हाईक ॲपवर ठरवतं. ॲप बनवताना दत्ता एका गोष्टीवर अडून बसला. "बेल वाजवून निघून जायला आपण काय कुरिअरवाले हाव? हाक मारली पायजे." म्हणून मी एक रकाना वाढवला. हाक कोणाला मारायची? ज्याला हाक नको त्याच्या दाराला बाटली अडकवायची. बाकीच्यांनी हाक ऐकून पातेलं घेऊन बाहेर यायचं. ज्या तक्त्यात हे सगळं साठतं त्याला मी आधी 'पसंती' असं नाव दिलं होतं. पसंती मुलगी बघायला गेल्यावर विचारतात, दुधाला मर्जी म्हण, असं दत्ता म्हणाला. तेव्हापासून तो तक्ता 'मर्जी'.

लोकांनी त्या रकान्यात काय काय भरलं! कोणी 'काकू', कोणी 'बंटीची आई'. मोहोपाड्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी चक्क कुत्र्याचं नाव लिहिलंय, वाघ्या. वाघ्याला हाक मारली की वाघ्या भुंकतो आणि त्याने साहेब उठतात. खोपोलीतल्या एका घरात महिन्याआड बायकोचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, मग पुन्हा बायकोचं. त्यांची भांडणं केव्हा मिटली हे त्यांच्या शेजाऱ्यांआधी मला कळतं. या बदलांची तपासणी, दुरुस्ती, चुकून दोनदा आलेला बदल काढून टाकणं, हे माझं रोजचं काम. प्रत्येक बदलाशेजारी तो कोणी केला तेही उमटतं. गिऱ्हाइकाच्या ॲपवरून, ऑफिसातून, की माझ्या हाताने.

त्या तक्त्यात एक ओळ आमच्या घराची आहे. हाक कोणाला मारायची, तर 'तेजू'. तेजश्रीनेच भरलं होतं ते, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, एका हाताने भाजी परतत.

तेजश्री गेल्या भाद्रपदात गेली. ताप आला, रक्तातल्या पेशी उतरत गेल्या, पनवेलला नेलं, आणि परत येताना गाडीत मी आणि हिरूआत्याच होतो. त्यानंतर मी सगळं केलं. दिवस केले, बँकेत गेलो, रेशन कार्डावरचं नाव कमी करून आणलं. ही एक ओळ तेवढी बदलली नाही. दिवसभर मी दुसऱ्यांच्या ओळी बदलत असतो, एका मिनिटाचं काम होतं. माझ्याच्याने झालं नाही.

२

दिवाळीत आमच्या आळीचा दूधवाला बदलला. जुना, ज्याला सगळं ठाऊक होतं आणि जो हाक न मारता दूध घालून जायचा, तो मोहोपाड्याला कंपनीत लागला आणि त्याच्या जागी सहदेव आला, कोंडाण्याकडचा. चाळिशीचा, बोलका माणूस. त्याला आमच्या घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी त्याने फोनवर बघून दारात खणखणीत हाक दिली, "तेजूवैनी, दूऽध!"

मी धावत बाहेर गेलो ते त्याला सांगायलाच. त्याने हसून विचारलं, "वैनी उठल्या नाय का अजून?"

"झोपलीय," मी म्हणालो.

तेव्हापासून रोज पहाटे ती हाक यायची. हाक ऐकून मी अंथरुणातून उठून दारापर्यंत जाईपर्यंत घरात तेजश्री असायची. कोणीतरी तिला बोलावलंय आणि ती आता निघेल, एवढा वेळ. मी मुद्दाम सावकाश चालायचो.

हिरूआत्याला हे पटत नव्हतं. ती माझ्या वडिलांची बहीण. तेजश्री गेल्यावर आपलं घर बंद करून सहा वर्षांच्या माझ्या लेकीसाठी, सुरभीसाठी, आमच्याकडे राहायला आली. "निलेश, ते नाव काढ रं त्या फोनातनं," ती म्हणायची. "गेलेल्या माणसाला रोज हाक मारली तर त्यानं जायचं कसं?" मी हो हो म्हणायचो.

माघात एकदा सकाळी मला उठायला उशीर झाला. बाहेर धुकं इतकं होतं की समोरच्या शेतातला वाल दिसत नव्हता. स्वयंपाकघरात गेलो तर ओट्यावर दुधाचं पातेलं, वर जाळी, जाळीवर उलथी वाटी. आत्याने घेतलं असेल असं वाटून मी चहा ठेवला. आत्या मागच्या दाराने आली. ती परड्यात पाणी तापवत होती, आणि तिला वाटत होतं की दूध मी घेतलं.

दुसऱ्या दिवशी सहदेवला विचारलं.

"वैनींनी घेतलं की काल," तो म्हणाला. "दार जरासं उघडलं, पातेलं पुढं केलं. मी आपलं माप वतलं."

"तू पाहिलंस तिला?"

"अंधारच व्हता ओ. हात दिसला. आले आले म्हणाल्या." तो मापाचा डबा कॅनला अडकवत थांबला. "आन् जरा हळू हाक मारत जा म्हणाल्या, पोरगी झोपलीय."

तो अगदी साध्या चेहऱ्याने उभा होता. मी बरं म्हणालो आणि आत आलो. लॅपटॉप उघडून आमची ओळ बघितली. सूचनेचा रकाना आजवर रिकामा होता. आता तिथे लिहिलेलं होतं: हळू हाक मारा, लेक झोपलीय.

बदल गिऱ्हाइकाच्या ॲपवरून झाला होता.

३

तेजश्रीचा फोन लोखंडी कपाटात तिच्या साड्यांखाली होता. मी काढून बघितला. बंद. चार्जिंग कधीच संपलेलं, सिम कार्ड मीच परत केलेलं. तसाच पुन्हा साड्यांखाली ठेवला.

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. विश्वास ठेवला तर माझी नोकरीच चालायची नाही. डेटाबेसमध्ये आपोआप काहीही होत नसतं, कोणीतरी केलेलं असतं किंवा अडकून राहिलेलं असतं. रेंज नसताना केलेला बदल फोनमध्ये पडून राहतो आणि केव्हातरी वर येतो. कोंडाण्याकडच्या गिऱ्हाइकांचं तर नेहमीच असं होतं. सुरभी लहान होती तेव्हा कधीतरी तेजूने हे लिहिलं असेल, ते कुठेतरी रांगेत अडकलं असेल, आणि आता सुटलं. सहदेवला हात दिसला म्हणे. धुक्यात काय, आत्याचा हात असेल, आत्याचं वय झालंय, विसरली असेल. अशी सगळी जुळणी करून मी ती सूचना पुसली.

दुपारी ती परत आली होती. पुसली. संध्याकाळी पुन्हा होती. मग मी ॲपवरून तिच्या खात्यात लिहिणंच बंद करून टाकलं आणि बिनघोर जेवलो.

त्याच आठवड्यात सुरभीचा पुढचा दात पडला. शाळेत पडला, तिने तो रुमालात बांधून आणला आणि आम्ही दोघांनी मिळून तो तुळशीत पुरला. घराबाहेर हे कोणाला सांगायचं काही कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओळीत नवी सूचना होती: दात पडलाय तिचा, गार दूध नको.

ही काही रांगेत अडकलेली नव्हती.

मी लॅपटॉप मिटला. भीती वाटली, नाही कशाला म्हणू. पण भीतीच्या खालून काहीतरी दुसरंच वर येत होतं, आणि ते आनंदासारखं होतं. तिला दात पडल्याचं कळलं होतं. मला वाटत होतं की हे सगळं तिला आता कधीच कळणार नाही.

त्यानंतर मी दूध घ्यायला उठणंच सोडलं. मधल्या खोलीत सुरभीला कुशीत घेऊन डोळे मिटून पडून राहायचो. सहदेवची हाक यायची, आता हळू आवाजात. मग पुढच्या खोलीची कडी सरकायची. पातेल्यात दूध पडल्याचा आवाज, आधी पोकळ, मग भरीव. मग ओट्यावर पातेलं टेकायचं. पावलं कधी वाजली नाहीत. मी उठून बघू शकलो असतो, मधे एक पडदा तर होता. पण मी उठलो आणि ते थांबलं तर? तिच्या असण्यापेक्षा तिच्या थांबण्याची भीती मला जास्त होती.

आत्याला सगळं समजत असणार. ती ओट्यावरच्या त्या दुधाला हात लावत नव्हती, स्वतःपुरता कोरा चहा करून घ्यायची.

४

मग एक दिवस हाकेचा रकाना बदलला.

मला ते आधी कळलं नाही. कळलं ते पहाटे, सहदेवच्या आवाजातून.

"सुरभी, दूध गं!"

माझ्या कुशीतली सुरभी उठून बसली. डोळे मिटलेलेच होते. "आले," असं म्हणून ती अंथरुणातून उतरली. हे इतकं साधेपणाने झालं की मी क्षणभर नुसता बघत राहिलो. नेहमी तिला उठवायला पाऊण तास लागतो. कडी सरकल्याचा आवाज आला तेव्हा मी धावलो.

पुढचं दार उघडं होतं. सहदेव पुढच्या घरी गेला होता, त्याच्या कॅनचा आवाज तिकडून येत होता. दुधाचं पातेलं उंबऱ्याच्या आत ठेवलेलं होतं आणि सुरभी उंबऱ्यावर बसून एका पायात चप्पल घालत होती. दुसरी हातात होती.

मी तिला उचललं. तिचे पाय बर्फासारखे गार पडले होते.

"कुठे निघालीस गं?"

"आई म्हणाली, चप्पल घाल," ती झोपेतच म्हणाली. "दव पडलंय म्हणाली."

बाहेर कोणीच नव्हतं. वालाच्या शेतातून जाणारी पायवाट तेवढी दिसत होती, आणि पुढे धुकं.

मी दार लावलं, कडी घातली, दाराला पाठ टेकून तिला घट्ट धरून बसलो. तेजूने कधीच तिला अनवाणी बाहेर नेलं नव्हतं. अगदी दुकानापर्यंत जायचं तरी आधी चप्पल. मी रडत होतो आणि मला तेजूचा राग आला होता. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

५

"तिला पोर हवी हाय," आत्या म्हणाली. ती ओट्याशी माझ्याकडे पाठ करून उभी होती. "आईच ती. तिला काय वाईट करायचं नाय. पण तिला कळत नाय ना रं, की आपन कुठं हाव आन् पोर कुठं हाय."

"मी बदलतो, आत्या."

"बदलू नको. काढ. नावच नको कोनाचं."

त्या दिवशी मी दर तासाने आमची ओळ उघडत होतो. 'सुरभी' काढून 'तेजू' लिहायचो. आत्या म्हणाली होती की नाव काढ, पण रकाना रिकामा करायला माझा हात धजत नव्हता. तेजूला हाक मारा, बाहेर तिला येऊ दे, पोरीला हाक नको, इतकंच मला हवं होतं. मी लिहायचो, थोड्या वेळाने पुन्हा 'सुरभी' झालेलं असायचं. ती आणि मी दिवसभर एकाच रकान्यात ओढाओढ करत होतो. लग्नानंतर पंख्याच्या वेगावरून करायचो तशी, हे तेव्हाही मनात आलं.

पहाटे डेअरीवरून गाड्या सुटतात त्या क्षणी सगळ्या दूधवाल्यांचे फोन त्या दिवसाची मर्जी उतरवून घेतात. त्यानंतर मागे काही बदललं तरी त्यांच्या फोनवर दिसत नाही. म्हणजे गाड्या सुटायच्या जेमतेम आधी बदल केला तर तिला तो फिरवायला वेळच मिळणार नव्हता. मी सुरभीला आत्याजवळ झोपवलं आणि पुढच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. बदलाची आज्ञा दोन भागांत असते. काय बदलायचं ते आधी, आणि कोणाचं बदलायचं ती अट नंतर. अट सुटली की आज्ञा सगळ्यांना लागू होते. मी नव्या पोरांना हे दटावून सांगतो. मी दोन ओळी लिहिल्या. पहिलीत, हाक 'तेजू' करा. दुसरीत, फक्त आमचं खातं. डेअरीवरून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी घाईघाईने मजकुरावर बोट फिरवून चालवायचा भाग निवडला आणि कळ दाबली.

निवड पहिल्या ओळीपुरतीच झाली होती.

किती ओळी बदलल्या तो आकडा स्क्रीनवर आला. एक यायला हवा होता. तिथे आमची सगळी गिऱ्हाइकं होती, कडावपासून मोहोपाड्यापर्यंत. मी मागे फिरवायला गेलो तोवर गाड्यांचे आवाज रस्त्याला लागले होते.

६

पहिली हाक आमच्याच दारात आली. "तेजूवैनी, दूध."

"आले," ती म्हणाली.

मी पुढच्या खोलीत जागा होतो, दिवा लागलेला होता, आणि तिचा आवाज माझ्या मागून, स्वयंपाकघराच्या दारातून आला. साधा आवाज. हातातलं काम टाकून निघालेल्या बाईचा. मी मान वळवली नाही. मानेवर ओल्या हवेचा झोत आल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात पलीकडच्या आळीत दुसऱ्या दूधवाल्याने हाक मारली. "तेजूवैनी!"

"आले." या वेळी ती शेजारच्या परसात होती.

मग देवळाकडून हाक आली, आणि रस्त्याच्या कडेच्या घरांतून, आणि नदीकडच्या वाडीतून. वेगवेगळे आवाज, सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. आणि प्रत्येक हाकेला तिचं "आले". आधी जवळून, मग लांबून. प्रत्येक वेळी थोडं जास्त लगबगीने. चारी बाजूंनी पाहुणे बोलावतायत आणि ही एकटीच वाढणारी, असा आवाज झाला होता तिचा. नदीपलीकडे कुठेतरी शेवटचं "आले" मला ऐकू आलं, की मला तसं वाटलं. मग नुसतीच हाक ऐकू यायला लागली. मग तीही नाही.

आत्याजवळून सुरभी पडद्यापर्यंत आली होती. "बाबा," ती म्हणाली, "आई लांब गेली."

सहदेव अजून दारातच उभा होता. मी पातेलं घेऊन गेलो. तो फोनकडे बघत होता. "आज सगळीकडं वैनींचंच नाव आलंय ओ. कायतरी गडबड झालीय."

"सहदेव," मी म्हणालो, "तेजश्री भाद्रपदातच वारली."

त्याने माप कॅनमध्ये बुडवलं होतं, ते तसंच राहिलं. माझ्या तोंडाकडे, मग माझ्यामागच्या उजेडाकडे त्याने बघितलं. "मग रोज मी..." एवढंच म्हणाला. मग त्याने पातेल्याकडे न बघताच माप ओतलं आणि अर्धं दूध पायरीवर सांडलं.

७

न्याहारीच्या वेळेपर्यंत मी आदल्या रात्रीची प्रत लावून सगळं पूर्ववत केलं. वाघ्याचं नाव वाघ्याला मिळालं, बंटीच्या आईचं तिला. दत्ताचा फोन आला तेव्हा तो आधी तापलेला होता.

"निल्या, अट घालायची विसरलास? तू?"

"हो."

"पोरं सांगतायत, प्रत्येक दारात आतनं बाईनं ओ दिली म्हनं. मग दार उघडलं की भलताच मानूस. खोपोलीत एका म्हाताऱ्यानं..." तो मधेच थांबला. नाव कोणाचं होतं ते त्याला आत्ता आठवलं असावं. आमच्या लग्नात मांडवाचं सगळं त्यानेच बघितलं होतं. "मी येतो घरी," तो म्हणाला.

"नको. बरा आहे मी."

जुनी प्रत लावल्यामुळे आमच्या ओळीत पुन्हा 'सुरभी' आलं होतं. या वेळी मी अट आधी लिहिली. वाचली, पुन्हा वाचली. मग आत्या म्हणाली होती तसं केलं. हाक: नको. दाराला बाटली अडकवा. सूचना: काही नाही.

तो बदल तसाच राहिला. दुपारी राहिला, संध्याकाळी राहिला. फिरवायला आता कोणी नव्हतं.

सुरभी त्या रात्री न उठता झोपली. सकाळी तिला उठवायला पाऊण तास लागला आणि तिने मला लाथ मारली. इतका बरा वाटलेला दुसरा मार मला आठवत नाही.

पहिली नोंद त्याच दिवशी दुपारी आली, मोहोपाड्याच्या एका कॉलनीतून. सूचनेच्या रकान्यात तीन शब्द होते.

हे घर नाही.

गिऱ्हाइकाला फोन केला. त्यांनी ॲप उघडलंच नव्हतं. मी फोन ठेवेपर्यंत वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची ओळ बदलली. हे घर नाही. मग समोरच्याची. मग शेजारच्या इमारतीची. एकेक दार, एकही न सोडता.

मोहोपाडा संपल्यावर चौक गाव, मग खालापूर. मी बघत होतो. त्या नोंदी गाडीच्या वाटेनेच पण उलट्या दिशेने येत होत्या. तिला एवढ्या दारांतून हाका मारून मी इतक्या लांब नेऊन सोडलं होतं, आणि आता ती दार दार बघत परत निघाली होती. खोपोलीला दोन दिवस गेले. तिथे घरं फार आहेत. कर्जतला शिरली तेव्हा मी जेवण सोडलं.

मला फक्त एक शब्द लिहायचा होता. 'तेजू' लिहिलं असतं तर सहदेवने हाक मारली असती, आणि ती थेट घरी आली असती. हिंडणं संपलं असतं तिचं. मी किती वेळा लिहिलं आणि कळ न दाबता पुसलं, त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी मला ती उंबऱ्यावर बसून चप्पल घालणारी पोर दिसायची.

आत्याला सांगितलं तेव्हा तिने डोळ्याला पदर लावला. "लई जीव हाय रं तिचा घरात," ती म्हणाली. पण नाव लिही असं म्हणाली नाही.

८

ती कडावला पोचली त्या पहाटे मी पुढच्या खोलीत जमिनीवर बसलो होतो. लॅपटॉप शेजारी उघडा. सुरभी पांघरुणासकट मांडीवर, कारण तिला दुसऱ्या खोलीत ठेवायचा धीर मला नव्हता. सहदेव येऊन बाटली अडकवून गेला. तो आता आमच्या दारात थांबत नाही.

रस्त्याकडच्या घरांच्या ओळी बदलल्या. देवळाजवळच्या. पलीकडची आळी. मग शेजारच्यांची ओळ. हे घर नाही.

दाराखाली बोटभर फट आहे. तिच्यातून पहाटेचा करडा उजेड आत येत होता. तो दोन जागी अडला.

मी सुरभीला सावरत खाली वाकून फटीतून बघितलं. पावलं होती. अनवाणी, चिखलाने माखलेली, नखं झिजून काळी पडलेली. किती चालली होती ती! डाव्या पायाच्या बोटात जोडवं होतं, उजव्यात नव्हतं. ती दाराला अगदी लागून उभी होती. कडी वाजवली नाही, दार ढकललं नाही. दाराला अडकवलेली बाटली हलकेच वाजली, तिने हात लावून बघितल्यासारखी. आमच्या दाराला कधी बाटली नसायची. आमच्याकडे हाक मारायचे.

ती थांबून राहिली. आतून कोणी ओळखीचं बोलेल म्हणून थांबली होती. मला तिला सांगायचं होतं की हेच आहे, तेजू, हेच आपलं घर, तू बरोबर आलीस.

सुरभीने डोळे उघडले. दाराकडे बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. तिने तोंड उघडलं, आणि मी तिच्या तोंडावर हात दाबला. ती धडपडली. तिने मला चावलं, पडलेल्या दाताच्या जागी नुसती हिरडी लागली. मी हात काढला नाही. माझी आसवं तिच्या केसांत पडत होती आणि मी तिला घट्ट आवळून धरलं होतं, आवाज होऊ नये म्हणून.

फटीतला उजेड एका जागी मोकळा झाला. मग दुसऱ्या.

स्क्रीनवर आमची ओळ बदलली.

हे घर नाही.